वहीतला ‘अपघात’ हा शब्द खोडा

पत्र: ‘ताई, मी एका वन्यप्राणी उपचार केंद्रात पशुवैद्यक आहे. चार वर्षं झाली. रोज जखमी पक्षी-प्राणी येतात, त्यातले निम्मे वाचतात, वाचलेले आम्ही सोडून देतो आणि पुढच्या आठवड्यात तसलीच जखम घेऊन दुसरे हजर. सगळ्यात जास्त येतात ते काचेवर आपटलेले पक्षी, आणि त्यातले बरेचसे एकाच मोठ्या काचेच्या इमारतीजवळ सापडलेले असतात. तिथल्या व्यवस्थापनाला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. शाळांमध्ये व्याख्यानं देते. पंख कायमचा गेलेलं एक घुबड आमच्याकडे आहे, ते बरोबर नेते. मुलं खूश होतात, फोटो काढतात, विषय संपतो. मध्यंतरी एका संशोधकाला आमच्या नोंदी दिल्या. त्यांचा लेख छापून आला, त्यात केंद्राचं नावसुद्धा नव्हतं. आता सहकारी म्हणतात, आपलं काम औषध देणं, संवर्धन-बिंवर्धन दुसऱ्यांनी बघावं. मला वाटतं हे सगळं सोडून खऱ्या संवर्धनाच्या कामाला लागावं. वहीच्या दोन पानांचे फोटो सोबत पाठवलेत. काय करू?’

डॉक्टर,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. नोकरी सोडू नका. निदान या कारणासाठी तरी नको.

तुमची चिडचिड खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या प्रजातीचे शे-पन्नास जीवच उरलेत तिथे एकेक जीव वाचवणं म्हणजे प्रजाती वाचवणं. पण सर्वत्र दिसणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत दहा बरे करून सोडले म्हणून एकूण संख्येत काही फरक पडत नाही. फुटक्या रांजणात पाणी भरतोय असं तुम्हाला वाटतं, आणि ते खरंच आहे. फक्त एक गोष्ट विसरू नका. रांजणाला भोक नेमकं कुठे आहे, हे पाणी भरणाऱ्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

आता तुमची वही. फोटो मोठे करून दोनदा वाचले. अक्षर सुंदर आहे. वजन ग्रॅमपर्यंत लिहिलंय, औषधाची मात्रा आहे, तापमान आहे. आणि ‘कारण’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘अपघात’. एकदा लिहून खाली नुसत्या ‘-”-’ अशा खुणा. ‘ठिकाण’ या रकान्यात पक्षी आणून देणाऱ्याचा फोन नंबर! रागावू नका, पण ही वही फक्त तुम्हालाच उपयोगी आहे. तुम्ही ज्यांना पत्रं लिहिलीत, त्या इमारतीच्या माणसाला यातून काय कळणार? पक्षी मरतात, एवढंच. मग त्याने करायचं काय?

तुमच्यासारखीच एक वही सांगते. शिकागोमध्ये मिशिगन सरोवराच्या काठी मॅकॉर्मिक प्लेस नावाचं अजस्र सभागृह आहे, काचाच काचा. जवळच्या फील्ड म्युझियममधले डेव्हिड विलार्ड १९७८ साली, तिथे पक्षी आपटतात असं कानावर आलं म्हणून, सहज बघायला गेले. दोन-चार मेलेले पक्षी सापडले, ते उचलून संग्रहालयात आणले, मोजमापं घेतली, वहीत लिहिलं. मग स्थलांतराच्या दिवसांत रोज पहाटे जायचं ठरून गेलं. दशकांमागून दशकं हे चाललं. त्या एका इमारतीपाशी चाळीस हजारांच्या वर पक्षी गोळा झाले.

पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यात एक रकाना वाढवला. इमारतीच्या कोणत्या भागातल्या खिडक्यांत त्या रात्री दिवे होते आणि कोणत्या भागात नव्हते. झालं, वहीचं रूपच पालटलं. कारण रात्री स्थलांतर करणारे छोटे पक्षी उजेडाकडे ओढले जातात, हे माहीत सगळ्यांना होतं; पण ‘या खिडकीत दिवा असला की या खिडकीखाली पक्षी पडतात’ हे इमारतीच्या माणसाला दाखवता येण्याजोगं वाक्य आहे. मग त्यात हवामान खात्याच्या रडारवरून रात्रीच्या उड्डाणांची संख्या काढणारे लोक आले, आकडेशास्त्रवाले आले, आणि २०२१मध्ये त्यांचा एकत्र अभ्यास छापून आला. उजेड असलेल्या खिडक्या जितक्या कमी, तितके मृत्यू कमी, हे त्यात स्पष्ट दिसलं.

सगळं लगेच सुरळीत झालं असं समजू नका. ५ ऑक्टोबर २०२३ला एका सकाळी त्या एका इमारतीपाशी हजाराच्या आसपास मेलेले पक्षी सापडले. बातम्या झाल्या, लोक संतापले. २०२४च्या उन्हाळ्यात काचांवर बारीक ठिपक्यांचा पडदा चिकटवला, आणि त्या शरद ऋतूत मृत्यू पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास घटले. संतापाने दार उघडलं हे खरं. पण दार उघडल्यावर आत काय न्यायचं ते पंचेचाळीस वर्षं तयार होतं.

(जाता जाता. तिथल्या आणि शिकागोतल्या इतर इमारतींवर आपटून मेलेल्या पक्ष्यांच्या मोजमापांवरून २०१९मध्ये आणखी एक अभ्यास आला. ५२ जातींचे सत्तर हजारांहून जास्त पक्षी. चार दशकांत त्यांची शरीरं लहान होत गेली, पंख मात्र किंचित लांबले. तापमानवाढीशी त्याचा संबंध असावा असं अभ्यासकांचं म्हणणं. १९७८ साली पक्षी उचलताना विलार्डना हे स्वप्नातही नसणार. तेव्हा वजन ग्रॅमपर्यंत लिहिण्याची तुमची सवय सोडू नका.)

म्हणून पहिलं काम: ‘अपघात’ हा शब्द खोडा आणि त्याजागी चार रकाने आखा. सापडल्याची नेमकी जागा, म्हणजे इमारतीची कोणती बाजू आणि कोणत्या काचेखाली. सापडल्याची वेळ. आदल्या रात्री तिथे दिवे होते का. काचेत काय दिसत होतं: आकाश, झाड, की आरपार पलीकडची बाग. यातलं बरंचसं आणणाऱ्याला विचारूनच कळेल, पण त्याच क्षणी विचारावं लागेल. तो खोकं ठेवून गेला की गेलं.

दुसरं काम पहाटेचं आहे. एकदा स्वतः त्या इमारतीला फेरी मारा, सफाई सुरू व्हायच्या आत. काचेवर तिरका उजेड पडला की बघा, कबुतर-होल्यासारखा पक्षी आपटला असेल तर काचेवर त्याचा पूर्ण ठसा उमटलेला असतो. पसरलेले पंख, छाती, कधीकधी डोळ्याची गोल जागासुद्धा, सगळं पांढुरक्या भुकटीत. ती पिसांवरची भुकटी. बोट लावलं तर पुसली जाते. आधी फोटो काढा. मग जी माणसं झाडू घेऊन येतील त्यांच्याशी बोला. मेलेले पक्षी कुठे आणि किती पडतात हे त्या इमारतीत फक्त त्यांनाच माहीत असतं, कारण बाकीचे कामावर यायच्या आत ती ते उचलून टाकतात. उरलेले मांजरं आणि कावळे नेतात. म्हणजे तुमच्या वहीत आहेत ते फक्त जिवंत सापडलेले, त्यातले कोणाला दया आलेले, त्यातले तुमचा पत्ता माहीत असलेले. खरा आकडा केवढा मोठा असेल बघा. सफाई कामगारांना एक खोकं, हातमोजे आणि तुमचा नंबर द्या. संशोधनाचे सहकारी म्हणजे पदव्या असलेलेच, हा समज इथेच सोडून द्या.

तिसरं काम, इमारतीकडे पुन्हा जाणं. ‘व्यवस्थापनास’ अशी मोघम पत्रं यापुढे नकोत. देखभालीचा अभियंता कोण ते शोधा आणि त्यालाच भेटा. आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय हवंय ते पहिल्या दोन मिनिटांत सांगा.

हे मी कानाला खडा लावून शिकले आहे. फार वर्षांपूर्वी एका मोठ्या इमारतीच्या अधिकाऱ्यांपुढे मी चाळीस चित्रांचं सादरीकरण केलं. स्थलांतराचे नकाशे, नामशेष होणारे पक्षी, सगळं होतं. शेवटी त्यांच्यातला एक गृहस्थ शांतपणे म्हणाला, ‘बरं, मग नेमकी कोणती काच?’ मला सांगता येईना. मी सगळ्या काचांची यादी घेऊन परत येते म्हणाले आणि परत जाण्याइतका वेळ त्यांनी दिलाच नाही. चूक त्यांची नव्हती. संपूर्ण इमारतीची काच झाकायची म्हटलं की कोणीही घाबरतो. पूर्वेकडच्या अकरा खिडक्या म्हटलं की तो मोजपट्टी काढतो.

त्याला लागेल तेवढं तांत्रिक ज्ञान तुमच्याकडे असू द्या. प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठभागावर पडतं, म्हणून खुणा बाहेरून हव्यात. आतून लावलेल्या बऱ्याचदा दिसतच नाहीत. दोन खुणांमधलं अंतर ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आडवंही आणि उभंही, कारण त्याहून मोठ्या फटीतून आपण जाऊ असं छोट्या पक्ष्याला वाटतं. आणि ससाण्याच्या आकाराचं ते एकुलतं एक काळं स्टिकर सुचवू नका. पक्षी त्या चित्रातल्या ससाण्याला भीत नाही. तेवढी जागा टाळतो आणि शेजारी आपटतो. खर्चाचं काय ते अभियंता तुमच्यापेक्षा चांगलं जाणतो, त्यालाच सांगू द्या. स्थलांतराच्या काळात रात्री दिवे मालवणं किंवा पडदे ओढणं याला तर खर्चही नाही, उलट वीज वाचते. सुरुवात तिथून करा.

आता सहकाऱ्यांचं म्हणणं, ‘आपलं काम औषध देणं’. त्यांना गिधाडांची गोष्ट सांगा, कारण तिचा सगळा गाभा औषधच आहे.

१९९०च्या दशकात दक्षिण आशियातली गिधाडं पटापट मरू लागली. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारातलं एक उरलं. कोणी म्हणे विषाणू, कोणी म्हणे कीटकनाशक. पाकिस्तानात लिंडसे ओक्स या पशुवैद्यक-सूक्ष्मजीवतज्ज्ञाच्या चमूने मेलेली गिधाडं उघडली तेव्हा आतल्या अवयवांवर खडूची पूड शिंपडावी तसा पांढरा थर दिसला. यूरिक आम्लाचे स्फटिक. मूत्रपिंडं निकामी झालेली. सगळ्या तपासण्या झाल्या, विषाणू नाही, जड धातू नाही, कीटकनाशक नाही. शवविच्छेदनाचं टेबल इथे संपलं. पुढचा प्रश्न त्यांनी टेबलाबाहेर नेला: गिधाडं खातात ती मेलेली गुरं. मग मरायच्या आधी त्या गुरांना काय दिलं जातं? हे कोणाला विचारायचं? गुरांच्या डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना. तोंडावाटे शरीरात शोषलं जाणारं आणि मूत्रपिंडाला अपायकारक ठरू शकणारं, असं छाननी करत गेल्यावर एकच नाव उरलं, डायक्लोफिनॅक. वेदनाशामक. २००४मध्ये हे जगापुढे आलं.

मला यातलं पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. गुरांना वेदनाशामक देणारा डॉक्टर काही पाप करत नव्हता. ‘देऊ नका’ म्हणून भागणार नव्हतं. ‘मग काय देऊ?’ याचं उत्तर लागत होतं. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचं प्रयोगांनी दाखवलं, आणि २००६मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात राहिल्याच. शेवटी २०१५मध्ये भारतात ती इंजेक्शनं तीन मिलिलिटरच्या एकमात्रा कुपीपुरतीच ठेवली गेली. २०२३मध्ये गिधाडांना घातक असलेल्या अॅसिक्लोफिनॅक आणि कीटोप्रोफेन या वेदनाशामकांचा जनावरांसाठीचा वापरही बंद झाला. पक्षीतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ (म्हणजे पॅथॉलॉजिस्ट), औषधनियंत्रक, गुरांचे डॉक्टर, दुकानदार: यातला एक जरी दुवा वगळला असता तरी गाडी तिथेच अडली असती. ‘औषध देणं’ आणि ‘संवर्धन’ यांच्या मधली रेघ कुठे काढायची, ते सहकाऱ्यांनीच मला सांगावं.

संशोधकाने नाव गाळलं, त्याचं मला वाईट वाटलं, पण आश्चर्य नाही. तुमच्या पत्रात ‘नोंदी दिल्या’ एवढंच आहे. काय ठरवून दिल्या ते नाही. तोंडी दिल्या असाव्यात. पुढच्या वेळी एक पानाचा करार करा, वकील नको. नोंदी कशासाठी वापरणार, केंद्राचा उल्लेख कुठे आणि कसा, लेखकांत कोणाचं नाव, छापण्याआधी मसुदा कधी दाखवणार, आणि दुर्मीळ प्रजातीचं नेमकं ठिकाण छापायचं नाही. शेवटचं कलम चोरट्या शिकाऱ्यांमुळे, त्यात तडजोड नाही. त्या जुन्या संशोधकालाही एक साधं पत्र टाका, पुढच्या लेखात श्रेय द्या म्हणून. भांडू नका, पण गप्पही बसू नका. आणि एका माणसामुळे वही कपाटात कोंडून ठेवू नका. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात बेडूक मरत होते तेव्हा तिथल्या विकृतिशास्त्रज्ञांना कातडीत काहीतरी अनोळखी दिसलं. त्यांनी ते जॉइस लाँगकोर या बुरशीतज्ज्ञ बाईंबरोबर तपासलं, आणि १९९९मध्ये तिघांनी मिळून त्या बुरशीला नाव दिलं. जगभरातले बेडूक संपवणारी कायट्रिड ती हीच. प्राण्यांच्या डॉक्टरला बुरशीवालीचा पत्ता शोधावा लागला, यात कमीपणा कसला?

नमुन्यांबद्दल थोडक्यात, कारण उद्या तुम्हालाही पत्ता शोधावा लागेल. मेलेला पक्षी लगेच गोठवू नका. शवविच्छेदन एक-दोन दिवसांत होणार असेल तर नुसता थंड ठेवा, गोठवल्यावर ऊतींची रचना फाटते. शक्य असेल तेव्हा एकाच अवयवाचे दोन तुकडे घ्या. एक फॉर्मॅलिनमध्ये, सेंटिमीटरहून जाड नको, आणि तुकड्याच्या दहापट द्रव. दुसरा गोठवून, विषतपासणीसाठी. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की पुढच्या निम्म्या तपासण्यांचं दार बंद. नमुने कोणाला पाठवण्याआधी परवानग्या बघा. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस कराराच्या यादीतल्या प्रजातीचे नमुने देशाबाहेर जाणार असतील तर त्या कराराची कागदपत्रं लागतात.

राहिली व्याख्यानं. इथे मी जरा फटकळ बोलणार आहे.

घुबड नेणं थांबवा. तुमचा हेतू चांगला आहे, पण मुलं काय बघतात? माणसाच्या हातावर शांत बसलेलं घुबड. तुम्ही तोंडाने ‘हा पाळीव प्राणी नाही’ म्हणता, आणि डोळ्यांना उलट धडा मिळतो. चिंपांझीच्या फोटोंवर २०११मध्ये एक अभ्यास झाला होता: शेजारी माणूस उभा असलेला फोटो पाहणाऱ्यांना चिंपांझी पाळायला चांगला वाटण्याची शक्यता जास्त होती. तुमच्या घुबडाचे ते पन्नास फोटो घरोघरी हेच सांगत असणार. शिवाय त्या पक्ष्याला गाडीतून नेणं, गोंगाट, झगझगीत दिवे, हे सगळं तुम्ही दुसऱ्या कोणाच्या घुबडाला होऊ दिलं असतं का?

आणि खरं सांगू का, तुमचा सगळ्यात चांगला वर्ग शाळेत भरतच नाही. तो भरतो केंद्राच्या दारात. जो माणूस खोक्यात पक्षी घेऊन आलाय त्याने आपलं काम सोडलंय, तो घाबरलाय, आणि त्याला प्रश्न आहेत. इतका तयार विद्यार्थी तुम्हाला कुठल्या सभागृहात मिळणार? आम्ही मात्र त्याच्याकडून सही घेतो आणि त्याला वाटेला लावतो. फोनचंही तसंच. ‘पिल्लू खाली पडलंय, घेऊन येऊ का?’ यावर फोन उचलणारा ‘आणा’ म्हणाला की एक धडधाकट पिल्लू आईबापांपासून तुटलं. अंगावर पिसं असतील, टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय; मांजर-कुत्रं दूर ठेवा आणि तुम्हीही दूर व्हा. उघडं, पिसं नसलेलं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून आई टाकून देते ही नुसती समजूत आहे. एवढं फोनवर नीट सांगितलं तरी तुमचे निम्मे पिंजरे रिकामे राहतील की नाही माहीत नाही, पण काही नक्की राहतील.

म्हणून सहकाऱ्यांशी वाद घालत बसू नका. फोनशेजारी एक कागद चिकटवा, त्यावर तीन प्रश्न: पिसं आहेत का, रक्त दिसतंय का, नेमकं कुठे सापडलं. आठवड्यातला अर्धा दिवस नोंदी आणि भेटीगाठींसाठी वरिष्ठांकडून लेखी मागून घ्या. लेखी नसलेला अर्धा दिवस पहिल्या गर्दीच्या दिवशी गायब होतो.

आणि पुढच्या शाळेत जाल तेव्हा काचेवरच्या त्या ठशाचा फोटो मोठा करून न्या. काही न बोलता भिंतीवर लावा. कोणाचा आहे, तो कोणत्या दिशेने येत होता, काचेत त्याला काय दिसलं असेल, हे मुलांनाच ओळखू द्या. मग त्यांना त्यांच्याच शाळेच्या खिडक्या बघायला बाहेर पाठवा, हातात खडू आणि ५ सेंटिमीटरची काठी देऊन. कोणत्या खिडकीत आभाळ दिसतं ते मुलांना तुमच्याआधी सापडेल. पावसाने खडू धुऊन निघाला की पुन्हा काढायला त्यांना कोणी सांगावंही लागणार नाही.